इंकस्केपमध्ये चौकोन, वर्तुळ आणि तारा: कटिंगला गेल्यावरही माप न चुकणारे आकार

पडद्यावर चौकोन काढणं कुणालाही जमतं. तोच चौकोन रेडियम कटिंगला किंवा सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या कापायच्या मशीनवर) गेला की मग घोळ सुरू होतात. २०० मिमीची पाटी १९९.५ निघते, भोकं सरकतात, ब्लेड एकाच रेषेवरून दोनदा फिरतं आणि रेडियमबरोबर खालचा कागदही कापून टाकतं. संभाजीनगर, लातूर, नांदेड, कुठल्याही कटिंगवाल्याला विचारा, तक्रारी ह्याच असतील. बहुतेक वेळा चुकतो तो क्रम. आधी डोळ्यांच्या अंदाजाने आकार काढायचे, मग त्यांचे पाथ (नुसत्या बिंदू-रेषा, ज्यांना रुंदी किंवा त्रिज्येचे रकाने उरत नाहीत) करून टाकायचे आणि सगळ्यात शेवटी माप बघायचं, असं उलटं काम चालतं.

खाली इंकस्केपमधली पद्धत दिली आहे. हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं. मी १.३ च्या पुढची आवृत्ती धरून लिहितोय. सरावाला एकच काम घेऊ: २०० बाय २०० मिमीची जाळीची पाटी, मधोमध आठ टोकांचा तारा कापलेला आणि चार कोपऱ्यांत स्क्रूसाठी ८ मिमीची भोकं. देवघराच्या दाराला, गॅलरीला आपल्याकडे अशी जाळी हमखास मागतात.

टप्पा १: माउसला हात लावण्याआधी

गिऱ्हाइकाचं माप आधी कागदावर मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. आपल्याकडे सुतार अजूनही सुतात बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. 'दोन फुटाला दोन सूत कमी' म्हणजे ६०९.६ वजा ६.३५, अर्थात ६०३.२५ मिमी. 'साधारण साठ सेंटीमीटर' असं मनात धरलं तर पल्ला चौकटीत ढिला बसणार. इंकस्केपच्या मापाच्या रकान्यात सरळ गणितही टाकता येतं. इंचाचं चिन्ह लावून चोवीस इंच वजा पाव इंच लिहिलं की उत्तर आपोआप मिमीत येतं.

आता नवीन फाइल उघडा आणि कंट्रोल + शिफ्ट + डी दाबा. डॉक्युमेंट प्रॉपर्टीज उघडेल. तिथे तीन गोष्टी करा.

१. डिस्प्ले युनिट मिमी करा.
२. पानाची रुंदी आणि उंची दोन्ही २०० करा.
३. स्केल १ आहे ना ते बघा. म्हणजे फाइलमधलं एक एकक बरोबर एक मिमी राहील.

मग एडिट मेनूतून प्रेफरन्सेसमध्ये जा आणि 'टूल्स'खाली बाउंडिंग बॉक्सचा (आकाराभोवतीच्या चौकटीचा) पर्याय शोधा. तो 'व्हिज्युअल'वर असतो, तो 'जिऑमेट्रिक' करा. हे एकदाच करायचं आहे. हे कशासाठी, ते चौकोनाच्या टप्प्यात कळेल.

प्रेफरन्सेसमध्ये आहातच, तर 'इनपुट/आउटपुट'खालचं ऑटोसेव्हही चालू करून दर पाच मिनिटांवर ठेवा. उन्हाळ्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही आणि दुकानातल्या यूपीएसची बॅटरी बदलायची कुणालाच आठवण राहत नाही.

इशारा: की-बोर्ड मराठीवर असेल तर एका अक्षराचे शॉर्टकट बहुतेक वेळा दाद देत नाहीत, आणि माणसाला वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं. आकार काढताना की-बोर्ड इंग्रजीवर ठेवा, रकान्यांतले आकडेही इंग्रजी अंकांतच टाका.

टप्पा २: स्नॅप, पण मोजकाच

स्नॅप म्हणजे कर्सर ठरावीक बिंदूंना आपोआप चिकटणं. त्याचं बटण उजवीकडे वरच्या कोपऱ्यात असतं, टक्केवारीचं चिन्ह दाबलं की ते चालू-बंद होतं. नवशिके त्यातले सगळे पर्याय चालू करून टाकतात. मग कर्सर कधी कोपऱ्याला चिकटतो, कधी कडेच्या मध्याला, कधी पानाच्या काठाला, आणि हवा तिथे मात्र थांबत नाही. आपल्याला नोड (रेषेवरचे बिंदू) आणि वस्तूंचे मध्यबिंदू एवढे दोनच पुरेत. बाकी सगळं बंद.

टप्पा ३: चौकोन

आर दाबा. कंट्रोल धरून तिरकं ओढा, चौरस निघेल. कंट्रोल धरल्यावर रुंदी-उंचीचं प्रमाण १:१, १:२ अशा ठरावीक पायऱ्यांवर अडकतं, त्यामुळे हात जरा जास्त आडवा गेला तर चौरसाऐवजी दुप्पट लांबीचा आयतही येऊ शकतो. शिफ्ट धरलं तर आकार मध्यापासून वाढतो. किती मोठा निघाला याकडे लक्षच देऊ नका. ओढायचं ते फक्त आकार जन्माला घालण्यासाठी, माप पुढे आकड्यांनी द्यायचं.

चौकोनाचं टूल हातात असतानाच वरच्या पट्टीत रुंदी २०० आणि उंची २०० टाका. मग एस दाबून सिलेक्ट टूलवर या, एक्स आणि वाय दोन्हींत ० टाका. पाटी पानावर तंतोतंत बसेल.

आता ती जिऑमेट्रिकची भानगड. समजा चौकोनाला ०.५ मिमी जाडीची बॉर्डर आहे. बॉर्डर कडेच्या रेषेवर मधोमध बसते, अर्धी आत आणि अर्धी बाहेर. व्हिज्युअल पर्याय चालू असेल तर सिलेक्ट टूल बॉर्डरसकट मोजतं आणि २००.५ दाखवतं. माणूस ते बघून 'अरे, चुकलं' म्हणत तिथे २०० टाकतो, आणि खरा चौकोन १९९.५ चा होऊन बसतो. ब्लेड किंवा लेझर बॉर्डरची जाडी बघत नाही, मधल्या रेषेवरून चालतं. ज्याला आपण दुरुस्ती म्हटलं तीच चूक ठरली. एका पाटीत अर्धा मिमी कुणाला दिसणार नाही, पण अशा बारा पाट्या ओळीने लावल्या की शेवटी ६ मिमीची फट राहते.

कोपरे गोल करायचे असतील तर त्याच पट्टीतल्या आरएक्स, आरवाय रकान्यांत त्रिज्या टाका. इथे दोन खोडी आहेत. एक, पुढचा चौकोन काढताना जुनी गोलाई तशीच राहते, म्हणून 'कोपरे टोकदार' करायचं बटण आधी दाबा. दुसरी, सिलेक्ट टूलने आकार मोठा केल्यावर गोलाईही वाढावी की आहे तेवढीच राहावी, हे वरच्या पट्टीतलं एक छोटं बटण ठरवतं. बॉर्डरच्या जाडीसाठीही तसंच बटण शेजारीच आहे. कटिंगच्या कामात ही दोन्ही बंद ठेवलेली बरी.

तपासणी: चौकोन निवडून पुन्हा आर दाबा. पट्टीत रुंदी-उंचीचे रकाने दिसतात का? दिसत असतील तर तो अजून 'आकार' आहे. दिसत नसतील तर कुणीतरी त्याचा पाथ केला आहे.

टप्पा ४: वर्तुळ

ई दाबा, कंट्रोल धरून ओढा, मग वर आरएक्स आणि आरवाय भरा. हे रकाने त्रिज्येचे आहेत. ८ मिमीच्या भोकासाठी ८ टाकलं तर १६ मिमीचं भोक पडेल. सगळ्यात जास्त माल वाया जातो तो याच चुकीने, कारण पडद्यावर झूम केलेलं असताना ८ आणि १६ मधला फरक डोळ्याला कळत नाही. आपण ४ टाकू.

भोकाचा मध्य दोन्ही कडांपासून १५ मिमीवर हवा आहे. सिलेक्ट टूलमधले एक्स, वाय हे मध्याचे नसतात, आकाराच्या चौकटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्याचे असतात. म्हणून १५ वजा ४, म्हणजे ११. पहिलं भोक एक्स ११, वाय ११. पलीकडच्या बाजूला २०० वजा १५ वजा ४, म्हणजे १८१. उरलेली तीन भोकं १८१–११, ११–१८१ आणि १८१–१८१ वर जातील. इंकस्केप १.० पासून शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात आहे आणि वाय खाली वाढत जातो. शाळेतल्या आलेखाची सवय असलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.

वर्तुळाच्या उजव्या टोकावर एक गोल हँडल असतं. चुकून त्याला हात लागला की वर्तुळाची फोड होते: कर्सर वर्तुळाच्या बाहेर असेल तर पिझ्झासारखा तुकडा, आत असेल तर उघडी कमान. घाबरायचं कारण नाही, पट्टीत 'पूर्ण वर्तुळ' करायचं बटण आहे.

अर्धवर्तुळ मुद्दाम हवं असेल तर स्टार्टमध्ये ०, एंडमध्ये १८० टाका आणि तीन बटणांतलं 'कॉर्ड' निवडा, म्हणजे खालची सरळ कड बंद होते. नको तो अर्धा भाग आला तर एस दाबून व्ही दाबा, आकार उलटा होईल.

टप्पा ५: प्रती काढताना

कंट्रोल + डी ने प्रत निघते आणि ती मूळ आकाराच्या बरोबर वर बसते. काहीच झालं नाही असं वाटून माणूस पुन्हा कंट्रोल + डी दाबतो. झालं, एकावर एक तीन भोकं. ब्लेड दोनदा-तीनदा फिरतं ते इथूनच. शिस्त अशी ठेवा: कंट्रोल + डी एकदा, लगेच नवे एक्स-वाय टाका, मगच पुढची प्रत.

तपासणी: कंट्रोल + ए दाबा आणि खालच्या पट्टीत किती वस्तू निवडल्या गेल्या ते वाचा. आत्ता पाच हव्यात: एक चौकोन, चार वर्तुळं. सहा असतील तर कुठेतरी जोडी लपली आहे. एकेक भोक निवडून जरा बाजूला ओढा. खाली दुसरं दिसलं तर बाजूला ओढलेलं पुसा, नाहीतर कंट्रोल + झेड दाबून जागच्या जागी परत आणा.

टप्पा ६: बहुभुज आणि तारा

शिफ्ट धरून ८ चं बटण दाबा. हे टूल बहुभुज आणि तारा दोन्ही काढतं, कोणतं हवं ते पट्टीत ठरवायचं. त्रिकोण म्हणजे ३ कोपऱ्यांचा बहुभुज, षटकोन ६ चा. पेनाने अंदाजाने सहा बिंदू टाकून षटकोन काढणारे कमी नाहीत. तो कधीच सारखा येत नाही.

काढायला लागण्याआधी पट्टीच्या शेवटचं 'रीसेट' दाबा. हे टूल मागच्या सगळ्या सेटिंग लक्षात ठेवतं. मघाशी शिफ्ट धरून हँडल ओढलं असेल तर गोलाई, ऑल्ट धरून ओढलं असेल तर वेडावाकडेपणा पुढच्या ताऱ्यातही उतरतो.

आता पट्टीत 'तारा' निवडा, कोपरे ८ करा. स्पोक रेशो म्हणजे आतल्या टोकांची त्रिज्या भागिले बाहेरच्या टोकांची त्रिज्या. डोळ्यांनी हँडल ओढून ती ठरवू नका, ठरलेल्या ताऱ्यांचे आकडे ठरलेले आहेत:

– पाच टोकांचा, सरळ रेषांनी एका दमात निघणारा: ०.३८२
– सहा टोकांचा, दोन त्रिकोण एकमेकांत अडकलेला: ०.५७७
– आठ टोकांचा, दोन चौरस ४५ अंशांनी फिरवून झालेला: ०.७६५

जाळीचा तारा म्हणजे हा तिसरा. ०.७ किंवा ०.८ टाकलं तरी तारा दिसेल, पण शेजारच्या पाटीशी त्याच्या रेषा सरळ जुळणार नाहीत. जाळीची सगळी गंमतच त्या जुळण्यात असते.

बहुभुज आणि तारा नेहमी मध्यापासून निघतात, हा गुण वापरून घ्या. कर्सर पाटीच्या मध्यबिंदूवर न्या, स्नॅप चिकटल्याची खूण दिसली की तिथूनच कंट्रोल धरून सरळ वर ओढा. कंट्रोलमुळे कोन १५ अंशांच्या पायऱ्यांवर राहतो, टोक बरोबर वर येतं. मग एस दाबा, रुंदी-उंचीमधलं कुलूप लावा आणि रुंदी १६० करा. मध्य थोडाफार हलला असेल, तो पुढच्या टप्प्यात नीट करू.

कुलूप लावायचं विसरू नका. आठ टोकांचा तारा, टोक वर असताना, रुंदीला आणि उंचीला सारखाच असतो, त्यामुळे इथे एकवेळ खपून जाईल. षटकोनात खपत नाही. टोक ते टोक ५० असेल तर सपाट कड ते सपाट कड ४३.३ येतं. दोन्ही रकान्यांत ५० टाकलं की षटकोन ताणला जातो, आणि फरशीसारखे शेजारी शेजारी लावले की फटी पडतात.

अष्टकोनाचं थोडं वेगळं. बिबी का मकबऱ्यात कबरीभोवती जशी अष्टकोनी संगमरवरी जाळी आहे, तसा कड खाली टेकलेला अष्टकोन हवा असेल तर ८ कोपऱ्यांचा बहुभुज टोक वर ठेवून काढा आणि कंट्रोल + शिफ्ट + एम मधून २२.५ अंश फिरवा. फिरवल्यावर त्याची चौकट लहान होते: टोक ते टोक १६० असेल तर कड ते कड १४७.८. म्हणून आधी फिरवायचं आणि माप नंतर द्यायचं.

टप्पा ७: मध्य जुळवणं

कंट्रोल + शिफ्ट + ए ने अलाइनचं पॅनेल उघडतं. 'रिलेटिव्ह टू'मध्ये 'पेज' निवडा, तारा निवडा, आडवा मध्य आणि उभा मध्य ही दोन बटणं दाबा. पान आणि पाटी एकाच मापाची असल्याने तारा बरोबर मधोमध येतो. इथे 'सिलेक्शन' राहिलं तर एकटा निवडलेला तारा जागचा हलतच नाही.

एक सापळा त्रिकोणाचा. अलाइन पॅनेल चौकटीचा मध्य धरतं, त्रिकोणाचा खरा मध्य धरत नाही. समभुज त्रिकोणाचा मध्य पायापासून एक तृतीयांश उंचीवर असतो, चौकटीचा मात्र अर्ध्या उंचीवर. म्हणून वर्तुळात त्रिकोण अलाइनने बसवला की तो खाली घसरल्यासारखा दिसतो, आणि तसा तो असतोही. टोक वर असलेला ६० मिमी बाजूचा त्रिकोण ५१.९६ उंच असतो. अलाइन केल्यावर त्याला उंचीच्या एक षष्ठांश, म्हणजे ८.६६ मिमी वर सरकवा. नाहीतर ताऱ्यासारखाच वर्तुळाच्या मध्यावरून ओढा, म्हणजे सरकवायची वेळच येणार नाही.

टप्पा ८: वजाबाकी, आणि तीही प्रतीवर

इथपर्यंतची फाइल मूळ म्हणून साठवा. मग 'सेव्ह ॲज' करून नावापुढे 'कटिंग' जोडा आणि पुढचं काम त्या दुसऱ्या फाइलमध्ये करा. कारण पुढच्या दोन मिनिटांत चौकोन चौकोन राहणार नाही, वर्तुळ वर्तुळ राहणार नाही. उद्या गिऱ्हाईक 'भोक दहाचं करा' म्हणालं तर मूळ फाइलमध्ये एक आकडा बदलायचा असतो. कटिंगच्या फाइलमध्ये सगळं पुन्हा काढावं लागतं.

१. तारा आणि चारही भोकं निवडा, कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबा. पाचांचा मिळून एक पाथ होईल.
२. शिफ्ट धरून पाटीही निवडा, कंट्रोल आणि वजाचं चिन्ह दाबा.

वजाबाकीत वरचा आकार खालच्यातून वजा होतो. पाटी गायब होऊन काहीच उरलं नाही, तर पाटी वर होती असं समजा. कंट्रोल + झेड दाबा, पाटी निवडून एंड दाबा, ती तळाला जाईल. पुन्हा करा.

कडी हवी असेल तर जाड बॉर्डर देऊन भागवू नका. कटिंगवाल्याला एकच रेषा दिसेल आणि कडीऐवजी चकती हातात येईल. दोन वर्तुळं काढा आणि वजाबाकी करा.

पाटीवर नाव टाकायचं असेल तर एवढं सांगतो: देवनागरी मजकूर कंट्रोल + शिफ्ट + सी ने पाथ करा, मग ग्रुप सुटेपर्यंत कंट्रोल + शिफ्ट + जी आणि शेवटी कंट्रोल + अधिक. ही बेरीज राहिली तर प्रत्येक अक्षर सुटं राहतं, आणि ब्लेड दर दोन अक्षरांमध्ये शिरोरेषा कापत जातं.

टप्पा ९: पाठवण्याआधी

व्ह्यू मेनूतून डिस्प्ले मोड 'आउटलाइन' करा. रंग जाऊन फक्त रेषा उरतात. कटिंग मशीन फाइल अशीच वाचतं. लपलेले तुकडे, उघडी टोकं, पानाबाहेर राहिलेला एखादा ठिपका, सगळं उघडं पडतं. मग कंट्रोल + ए. खाली एकच पाथ निवडला गेला पाहिजे.

दुकानात कागदावर एक छापा काढा. प्रिंटच्या खिडकीत 'फिट टू पेज' बंद, प्रमाण १०० टक्के. २०० मिमीची पाटी ए४ च्या रुंदीत मावते, पण बहुतेक प्रिंटर कडेचे काही मिमी सोडतात, म्हणून भोकांमधलं अंतर मोजा. मध्य ते मध्य १७० आलं पाहिजे. मोजायला स्टीलची पट्टी घ्या, प्लॅस्टिकच्या पट्टीवर विश्वास ठेवू नका.

कोरलड्रॉ वापरणाऱ्यांनाही हाच क्रम लागू आहे. एफ६ ने चौकोन, एफ७ ने वर्तुळ, वाय ने बहुभुज, कंट्रोल आणि शिफ्टचं काम तेच. कंट्रोल + क्यू ने कर्व्ह (म्हणजे इथला पाथ) करायचं ते अगदी शेवटी.

फाइल कुठल्या रूपात हवी ते कटिंगवाल्यालाच विचारा. कुणी पीडीएफ मागतं, कुणी डीएक्सएफ, कुणी एसव्हीजी. पाठवताना फाइलच्या नावातच माप लिहा: 'जाळी-२००बाय२००मिमी'. आणि मशीन सुरू करण्याआधी फोनवर एकच प्रश्न विचारा: तुमच्याकडे रुंदी किती दिसते? उत्तरावरून दोष कुठे आहे ते लगेच कळतं.

– २००: चालू करा म्हणावं.
– २१३.३: त्यांचं सॉफ्टवेअर इंचाला ९० पिक्सेल धरतंय, इंकस्केप ०.९२ पासून ९६ धरतं.
– २६६.७: तिकडे ७२ धरलेत.
– ७५५.९: पिक्सेल मिमी म्हणून वाचले गेलेत.
– ७.८७: काही चुकलेलं नाही, पडद्यावर इंच दिसतायत. त्यांना एकक मिमी करून पुन्हा वाचायला सांगा.

मधल्या तिन्ही वेळा त्यांच्याकडे रुंदी हाताने २०० करून घ्या, प्रमाणाचं कुलूप लावूनच, आणि पहिला तुकडा ॲक्रिलिकवर न काढता पुठ्ठ्यावर काढायला सांगा.